कानातल्या बिल्ल्यावर नाव कुणाचं?

(मांडवगण फराटा, ता. शिरूर येथे शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या बायांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज ‘पशुपालन आणि स्त्रिया’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. टिपणं काढून आणली होती. पण सकाळी इथं पोचले तर गटातल्या एका मुलीनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, ‘‘ताई, हे जनावर आपल्याकडं मिळतं का?’’ बघते तर मान उंटासारखी, अंगावर मेंढीपेक्षा दाट लोकर, डोळे हे एवढाले. अल्पाका. तिला कुणीतरी सांगितलं होतं की याची लोकर सोन्याच्या भावानं जाते. चार बायांनी मिळून एक जोडी आणली तर दोन वर्षांत पैसे वसूल. म्हणून टिपणं पिशवीतच ठेवते आणि तिच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही हसताय, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात पैसा यावा, तो आपल्या हातात यावा, असं तिला वाटतंय. त्यात चूक काय?

तर अल्पाका आणि त्याचा थोरला भाऊ लामा, दोघंही उंटाच्याच कुळातले. पाठीवर मदार नाही इतकंच. त्यांचा मुलूख दक्षिण अमेरिकेतला. पेरू, बोलिव्हिया या देशांतले अँडीजचे डोंगर. साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर ती राहतात. आपलं कळसूबाईचं शिखर आहे 1646 मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर कुठं त्यांचं गाव लागेल. तिथल्या रात्री गोठवणाऱ्या. ते जनावर आपल्या भीमाकाठच्या उन्हाळ्यात, उसाच्या दमट हवेत आणून बांधायचं म्हणजे त्याचे हाल. गाभण राहिलं की अकरा महिन्यांच्या वर घेतं, आणि पिल्लू एकच. लोकर वर्षातून एकदा, दोन-तीन किलो. शिवाय परदेशातून जिवंत जनावर आणायचं तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, रोगराईसाठी वेगळं ठेवावं लागतं. तेव्हा गावात कुणी ‘जोडी बुक करा’ म्हणून आलं, तर त्याला बसायला चटई टाकायची, चहा द्यायचा आणि पैसे मात्र द्यायचे नाहीत.

हे मी एवढं खडसावून सांगते, कारण आपण भाजलेल्या आहोत. इमू आठवतो का? पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ, असे करार झाले. 2012 च्या सुमारास तो सगळा डोलारा कोसळला. मग 2019 ला कडकनाथ कोंबड्यांचं तेच झालं. सांगली-कोल्हापूरकडं किती कुटुंबं बुडाली. अशा धंद्यात पहिलं मोडलं जातं ते बाईचं सोनं. जमीन मोडायला चार सह्या लागतात, भाऊबंद आडवे येतात. डोरलं मोडायला कुणाचीच सही लागत नाही. पैसे बुडाले की मात्र, ‘तूच मागं लागली होतीस’, हे ऐकून घ्यायचं.

पण अल्पाका आणायचा नाही म्हणून त्याची गोष्ट सोडून देऊ नका. ते जनावर तिकडं कोण सांभाळतं? केचुआ आणि आयमारा समाजाच्या बाया. पुरुष खाणीत नाहीतर शहरात मजुरीला जातात, आणि डोंगरावर कळपामागं बाई, तिच्या पाठीवर लेकरू आणि हातात चाती. चालता चालता सूत कातायचं. पुढं ही लोकर अरेकिपा शहरातल्या कारखान्यांत जाते. तिथं जाड लोकर वेगळी, मऊ वेगळी, त्याहून मऊ वेगळी, अशी निवड करायची असते. हे काम बायाच बोटांनी करतात. नुसत्या स्पर्शानं प्रत सांगणाऱ्या या बायांना मानानं ‘मास्तरीण’ म्हणतात. त्यांच्या बोटांमुळं जगात त्या लोकरीला भाव आहे. व्यापार मात्र मोठ्या कंपन्यांचा.

आता आपल्याकडं या. आपली दख्खनी मेंढी, काळी, राठ लोकरीची. धनगरानं कातरायची, बाईनं पिंजून कातायची, सनगरानं घोंगडी विणायची, असा तो फेरा होता. त्या कातण्यात थोडे का होईना, बाईच्या हाताला पैसे लागत. आज लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून लोकर बांधावर टाकून देताना मी पाहिलंय. मग लोक मटणाच्या जातीकडं वळले. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी आली. उंच, वजनाची, पण लोकर जवळजवळ नाहीच. धंद्याच्या हिशेबानं ते बरोबरच असेल. पण या बदलात बाईचं काय गेलं, हे कुणी मोजलं नाही. लोकरीचा पैसा घरात, चरख्यापाशी यायचा. मटणाचा पैसा यवतच्या नाहीतर चाकणच्या बाजारात व्यापाऱ्याच्या रुमालाखाली ठरतो. तिथं आपल्यापैकी किती जणी गेल्यात? हात वर करा. ...तीन. दीडशे बायांत तीन.

आता उंटाकडं येते. तुम्ही म्हणाल उंट इथं कुठला, जत्रेत पोरांना पाठीवर बसवायला येतो तेवढाच. पण महाराष्ट्रात उंट आहेत. कच्छचे रबारी कित्येक वर्षांपासून मेंढ्या-शेळ्या आणि उंट घेऊन विदर्भात फिरतात; वर्धा, नागपूर, यवतमाळकडं. त्यांचा डेरा हलताना पाहिला की तुम्हाला ओळख पटेल. खाट, गोधड्या, हंडे-भांडी, बांधलेली कोकरं, वर बसवलेलं लहान मूल, सगळं उंटाच्या पाठीवर. ते चढवते बाई. उतरवते बाई. पुरुष कळप घेऊन आधीच पुढं गेलेला असतो. आपल्याकडं दिवाळी झाली की पारनेरकडून, वरच्या माळावरून वाडे घोडनदीच्या आणि भीमेच्या काठानं खाली येतात. त्यात उंटाच्या जागी घोडं, एवढाच फरक. घोड्यावर बिऱ्हाड लादणं, कोंबड्या टोपलीखाली घालणं, नव्या रानात तळ मांडणं, वाघर लावणं, पाणी शोधणं, आजारी कोकराला पदराखाली धरून दूध पाजणं, हे काम कुणाचं? रात्री उसातून बिबट्या आला तर पहिली जाग कुणाला येते? आणि सरकारी कागदावर ‘मेंढपाळ’ कोण? तो.

विदर्भातल्या उंटांचं पुढं काय झालं ते ऐका. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी 58 उंट जप्त केले. हैदराबादला कत्तलीला चाललेत, अशी तक्रार होती. पाच उंटपाळ पुरुषांना अटक झाली, उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले. रबाऱ्यांचं म्हणणं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारी माणसं. उंट हिंडून झाडपाला खाणारा. त्याला गाईसारखं दावणीला बांधलं, कडबा टाकला, तर तो खंगतो. पुढच्या वर्षी, मे 2023 मध्ये, शंभरावर उंट नाशिकला पांजरपोळात पोचले. तेव्हा शेवटी राजस्थानातून रायका लोक बोलवावे लागले आणि त्यांनी ते उंट पायी चालवत परत नेले. प्राण्यावर दया करायला माझी ना नाही. पण जनावर ज्याच्या अंगाखांद्यावर वाढतं त्याला न विचारता केलेली दया जनावरालाही मानवत नाही.

राजस्थानात तर यावर कायदाच झाला. 2014 मध्ये उंटाला राज्य-प्राणी केलं, 2015 च्या कायद्यानं कत्तल बंद, परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणं बंद. हेतू उंट वाचवण्याचा. झालं असं की बाजार पडला, पुष्करच्या मेळ्यात उंटाला गिऱ्हाईक उरेना, आणि तरुण पोरं म्हणायला लागली की पाळून करायचं काय. चरायची रानं तर आधीपासूनच आटत होती. देशात 2012 च्या पशुगणनेत चार लाख उंट होते, 2019 च्या गणनेत अडीच लाख. कायदा करताना दाईलीबाई रायकासारख्या बायकांना समोर बसवून विचारलं असतं, तर त्यांनी आधी कुरणाचं आणि दुधाचं बोला म्हणून सांगितलं असतं, असं मला वाटतं. दाईलीबाई म्हणजे राजस्थानातली रायका समाजाची बाई. परदेशात मोठ्या परिषदांत उभी राहून आपल्या जनावरांविषयी बोलून आली.

दुधाचं म्हटलं म्हणून सांगते. रायका लोकांत उंटिणीचं दूध विकणं पाप मानत. ते पोटच्या पोरासारखं. पण कच्छमध्ये मागणी लावून धरली, 2016 मध्ये केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं उंटिणीच्या दुधाची मानकं ठरवली, आणि 2019 पासून तिथलं दूध अमूलच्या नावानं बाजारात आलं. उंटपाळांच्या हातात रोख पैसा आला. चांगलं झालं. मला मात्र लगेच पुढचा प्रश्न पडतो, डेअरीचं खातं कुणाच्या नावावर? आपल्या गावच्या डेअरीत म्हशीची धार कोण काढतं आणि दहा दिवसांचा पगार कुणाच्या खात्यावर पडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

रायका समाजात एक गोष्ट सांगतात. पार्वतीला एकटीला करमेना, म्हणून तिनं मातीचं एक विचित्र जनावर केलं आणि शंकराला म्हणाली, यात जीव घाला. शंकरानं जीव घातला, तो उंट. मग उंट उधळायला लागला, त्याला राखायला शंकरानं एक माणूस केला, तो पहिला रायका. बघा बरं, माती मळली पार्वतीनं, आकार दिला पार्वतीनं. आणि जनावर झालं राखणाऱ्या पुरुषाचं! आपल्याकडं उलटी गोष्ट आहे, आणि ती आपल्या जवळची, जेजुरीची. बाणाईसाठी प्रत्यक्ष खंडोबा तिच्या बापाच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहिला. देव मेंढका झाला. पण तिथंसुद्धा वाडा बापाचा. बाणाईच्या स्वतःच्या किती मेंढ्या होत्या, हे कुठल्या वाघ्या-मुरळीनं गायलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आता खरी गोष्ट. नदीपलीकडची, दौंडकडची एक बाई. नाव सांगत नाही. नवरा-बायकोनं मिळून आठ-दहा मेंढ्यांच्या साठ केल्या. बारा वर्षं वाड्याबरोबर फिरली, दोन लेकरं वाड्यावरच झाली. नवरा अचानक गेला. तेरावा झाल्यावर दीर आला आणि कळप हाकत घेऊन गेला. म्हणाला, कळप भावाचा, भाऊ गेला, आता माझा. पोरं मोठी झाली की बघू. ती आमच्याकडं आली तेव्हा मी विचारलं, मेंढ्या तुमच्या याला कागद काय? तिनं माझ्याकडं अशी बघितलं जशी मी येडी आहे. म्हणाली, ‘‘कागद कशाला? मी हाक मारली की त्या येत्यात.’’ एका कार्यालयात गेलो, तिथल्या साहेबांनी सांगितलं हा घरगुती मामला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, जनावरं चल मालमत्ता, तुम्ही दिवाणी दावा करा. वारसाहक्काप्रमाणं विधवेचा आणि मुलांचा हक्क पहिला, हे स्वच्छ होतं. पण कळप नेमका किती, कुठल्या मेंढ्या, हे सिद्ध करायला काही नव्हतं. तोवर निम्म्या विकल्या गेल्या. शेवटी जातीतल्या चार जाणत्यांना बसवून, भांडून, एकोणीस मेंढ्या मिळाल्या. साठातल्या एकोणीस. आम्ही त्याला यश म्हणून अहवालात लिहिलं. मला ते लिहिताना लाज वाटली होती.

आपल्या चळवळीनं जमिनीचा प्रश्न घेतला. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, 1989 नंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. 1994 मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. पण ज्या घराला सातबाराच नाही त्या घरातल्या बाईचं काय? तिची जमीन चार पायांवर चालते. तिच्यासाठी लक्ष्मीमुक्ती म्हणजे मेंढ्यांची, शेळ्यांची नोंद. हा मुद्दा आपण उशिरा धरला, हे मी आपल्या संघटनांवर टीका म्हणूनच बोलते. नोव्हेंबर 2010 मध्ये गुजरातेत मेरा इथं तीसएक देशांतल्या पशुपालक बायांचा मेळावा झाला. त्यांनी जाहीरनामा काढला आणि पशुपालक बाईची वेगळी ओळख माना, अशी मागणी केली. तो जाहीरनामा आपल्या किती गटांत वाचला गेला? आमच्यात तरी नव्हता.

आता नोंदीची जागा कुठं आहे ते सांगते. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारतात ना, बारा आकडी नंबरचा? तो नंबर संगणकात मालकाच्या नावावर चढतो. राज्य सरकारनं 1 जून 2024 पासून नियम केला की बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही, आणि वन्यप्राण्यानं, विजेच्या धक्क्यानं जनावर मेलं तर भरपाई नाही. शिरूर तालुक्यात या नियमाचा अर्थ काय, ते बिबट्यानं आपल्याला शिकवलंय. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला माणसांचे बळी गेले, त्यात लहान लेकरं होती. त्या दुःखापुढं मेंढीचं काय बोलायचं? तरी बोलावं लागतं, कारण मेंढ्या रोज जातात. पंचनामा होतो, भरपाई मिळते, ती बिल्ल्यावरच्या नावाला. रात्रभर बॅटरी घेऊन वाघरीभोवती फिरलेल्या बाईला नाही.

विम्याचंही तेच. 2024 मध्ये केंद्रानं पशुधन अभियानात बदल केले; विम्याच्या हप्त्यातला आपला वाटा 15 टक्क्यांवर आणला. त्याच बदलात उंट, घोडे, गाढवं पाळण्यालाही अनुदान धरलं आणि अर्ज करणाऱ्यांत बचत गटाचं नाव घातलं. म्हणजे मघाच्या मुलीला उंटच पाळायचा असेल, तर कागदावर वाट आहे! पण उंटिणीचं गाभणपण तेरा महिन्यांचं, हिंडायला रान हवं, आणि उसाच्या वाढ्यावर तो जगणार नाही. मी तिला सांगेन, आपली शेळीच बरी. ती फक्त तुझ्या नावावर असू दे.

मगाशी मागून एक मावशी म्हणाल्या, ‘‘नाव लावून काय होतंय? इकायला तोच जाणार.’’ खरं आहे, मावशी. नाव लावलं म्हणजे सगळं झालं असं मी म्हणत नाही. उलट एक भीती मलाच आहे. बाईचं नाव आजकाल फार लवकर लागतं, कर्जाला. फायनान्सवाले दारात येऊन बाईचंच नाव मागतात. नाव आपलं, पैसे त्याचे, हप्ते आपले. मग वसुलीला आले की बाई घराला कडी लावून शेजारी लपते. तेव्हा कर्जावर नाव लावण्याआधी जनावरावर लावा. आणि विकायचं तर बिल्ल्यावरच्या बाईनं बाजारात उभं राहायचं. पहिल्यांदा हसतील. व्यापारी म्हणेल, घरचं माणूस पाठवा. दोन-तीन जणींनी मिळून जा. त्या तीन जणी, ज्यांनी मघा हात वर केला, त्यांनी एकेकीला बरोबर न्यायचं. त्या दौंडकडच्या बाईकडं बिल्ले असते तर दिरानं कळप नेला नसता, असं नाही. पण साठ मेंढ्या होत्या हे तिला सिद्ध करावं लागलं नसतं.

आणखी एक. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच फिरत्या पशुपालकांची वेगळी मोजदाद आणि जनावरांचं काम बाई करते की पुरुष, हे विचारायचं ठरलं. तुमच्या दारात गणनेचा माणूस आला तेव्हा उत्तर कुणी दिलं? बहुतेक ठिकाणी पुरुषानं. त्यानं काय सांगितलं असेल, त्याची कल्पना आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2024 हे उंट-कुळाचं वर्ष ठरवलं होतं, त्यात अल्पाकाही आला. 2026 कुरणांचं आणि पशुपालकांचं, आणि तेच 2026 शेतकरी बाईचंही. दिल्ली-मुंबईत परिसंवाद होतील. आपण पंचायत समितीच्या दवाखान्यात जाऊ.

जाताना काय न्यायचं: आपलं आधार, पासबुक, आणि आधी बिल्ला मारलेला असेल तर त्याचा नंबर लिहून. आधी नवऱ्याच्या नावावर चढलेलं असेल तर बदलून मागायचं. ‘होत नाही’ म्हणाले तर लेखी मागायचं. घरात भांडण होईल असं वाटत असेल तर निम्म्यांपासून सुरुवात करा, पाटींपासून करा, माहेराहून आलेल्या शेळीपासून करा. बिबट्यानं जनावर मारलं तर ते जागेवरून हलवू नका, वनरक्षकाला लगेच कळवा आणि पंचनाम्यावर आपलं नाव नीट वाचून मगच अंगठा किंवा सही. वाचता येत नसेल तर गटातल्या शाळकरी पोरीला सोबत घ्या.

वही आता पहिल्या ओळीपासून फिरते आहे. नाव, किती जनावरं, बिल्ले कुणाच्या नावावर, एवढंच लिहायचंय. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. दवाखान्यात किती जणी यायला तयार आहेत तेही लिहा. वाड्यावरच्या बाया आज इथं आल्या नाहीत, त्यांचा तळ नदीकाठी आहे. त्यांच्याकडं संध्याकाळी, मेंढ्या वाघरीत आल्यावर, दोघी-तिघींनी माझ्याबरोबर यायचंय.